टेप झोपवायचे दिवस

एप्रिल लागला की आमच्या शेडचा पत्रा बोलायला लागतो. सकाळी दहाच्या सुमाराला पहिला टक् असा आवाज येतो, मग दुसरा, आणि साडेअकरापर्यंत सगळं छप्पर टकटकायला लागतं. संध्याकाळी ऊन उतरलं की पुन्हा तेच. वाळूजच्या कारखान्यांत वर्षानुवर्षं काढलेल्या माणसाला हा आवाज ऐकूच येत नाही, घरातल्या पंख्याचा येत नाही तसा. मला मात्र चार उन्हाळ्यांपासून तो ऐकू येतो, आणि ऐकू आला की माझं डोकं फिरतं. ते छप्पर रोज दोन वेळा एकच गोष्ट सांगत होतं आणि त्याच्याखाली बसलेली आम्ही शिकलेली माणसं शिकायला पुण्याला जात होतो.

समुद्रापासून तीनशे किलोमीटर आत असलेला आमचा कारखाना जहाजांचे तुकडे बनवतो. हे वाक्य मी कुठंही म्हटलं की समोरचा आधी हसतो. माझे भाऊजी तर दर लग्नात, दर बारशाला तोच प्रश्न विचारतात, की जहाज तयार झाल्यावर सोडणार कुठं, हर्सूलच्या तलावात? सुरुवातीला मी समजावून सांगायची. हल्लीचं जहाज म्हणजे घरासारखं एका जागी पायापासून चढवत न्यायचं काम नाही. ते आधी संगणकावर पुरतं बांधून होतं, पाइपासकट, खिळ्यासकट. मग त्याचे तुकडे पडतात, ते तुकडे दहा गावच्या दहा कारखान्यांत बनतात, ट्रकवरून गोदीत जातात आणि तिथं एकमेकांना जोडले जातात. हे ऐकून भाऊजी मान डोलवायचे आणि पुढच्या बारशाला पुन्हा हर्सूलचा तलाव काढायचे. आता मी समजावत नाही, जेवणाच्या पंगतीत जागा बदलून बसते.

खरं सांगायचं तर त्यांचं हसणं अगदीच चुकीचं नव्हतं. घरी नळाला आठ दिवसांनी पाणी यायचं. सकाळी पिंप भरून, डोक्याला ओला रुमाल बांधून मी कारखान्यात यायची आणि पडद्यावर एका जहाजाच्या पाण्याच्या टाक्या तपासत बसायची. त्यातली एकेक टाकी आमच्या सबंध गल्लीला उन्हाळाभर पुरली असती.

चार वर्षांपूर्वी आमच्या मालकांना एक शब्द सापडला होता. परदेशातलं कुठलंसं प्रदर्शन बघून ते परत आले ते ‘स्पर्धात्मकता’ घेऊनच. सकाळच्या बैठकीत स्पर्धात्मकता, कँटीनमध्ये स्पर्धात्मकता, वीज गेली तरी स्पर्धात्मकता. फिटर लोकांना तो शब्द म्हणता येईना, म्हणून ते मालकांनाच आपसात ‘स्पर्धा’ म्हणू लागले. पण शब्दाच्या मागचं म्हणणं खोटं नव्हतं. परदेशातल्या गोद्या आपल्या निम्म्या वेळात जहाज उभं करतात, कारण त्यांचे तुकडे पहिल्या झटक्यात बसतात. आपल्याकडे प्रत्येक तुकड्याच्या कडेला थोडं लोखंड जास्त ठेवायची पद्धत. गोदीत नेऊन बघायचं, जास्तीचं कापायचं, पुन्हा बघायचं, पुन्हा कापायचं. या कापाकापीत महिने जातात.

मला हे कोणी समजवायची गरज नव्हती. माझी आई औरंगपुऱ्यातल्या एका बोळात ब्लाउज शिवायची. गुलमंडीतून घेतलेलं कापड बायका तिच्याकडे टाकून जायच्या आणि ती प्रत्येक शिवणीत बोटभर माया ठेवायची. अंगावर चढवून बघायचं, मग उसवायचं, पुन्हा घालायचं. एका ब्लाउजसाठी बाई तीनदा यायची. आईला त्यात काही वावगं वाटायचं नाही, उलट तेवढ्याच गप्पा व्हायच्या. पण जहाज काही तीनदा येऊन बसत नाही.

तर गोदीनं आम्हाला एक परीक्षेचा तुकडा दिला. डेकचा, बारा मीटर लांब, आणि माया अजिबात नाही. मापाला माप. बसला तर पुढच्या जहाजांचं काम आमच्याकडे, नाही बसला तर आम्ही आहोत आणि आमच्या पाण्याच्या टाक्यांचे सांगाडे आहेत.

त्यासाठी एक लेसर यंत्र आलं. तिपाईवर उभं राहायचं आणि लाल ठिपका टाकून दहा-वीस मीटरवरचं माप मिलिमीटरच्या आत सांगायचं. ते शिकायला मला तीन दिवस पुण्याला पाठवलं. एसी हॉल, गार पाणी, प्रत्येकाला वही-पेन. तिथल्या शिकवणाऱ्यानं मोजणी सुरू करायच्या आधी येणारी एक छोटी चौकट दाखवली होती: मालाचं तापमान. त्यात वीस अंश आधीच लिहिलेलं होतं. हॉलमध्ये साधारण तेवढंच होतं, म्हणून सगळ्यांनी ‘ओके’ दाबलं आणि पुढं गेलो. तीन दिवस मी त्या चौकटीला ओके म्हटलं. माणसाला कशाचीही सवय लागायला तीन दिवस भरपूर होतात.

आता तात्या.

खंडू तात्या आमचे सगळ्यात जुने फिटर. पैठण रोडला बिडकीनच्या पुढचं गाव, घरची मेंढरं होती, भाऊ अजून मेंढरांमागे. तात्या तरुणपणी शहरात आले आणि एका उस्तादाच्या हाताखाली लोखंड शिकले. उस्ताद जाऊन जमाना झाला होता, पण तात्यांच्या बोलण्यात तो रोज कामावर यायचा. तात्यांचा स्वभाव चिकट, वेग गोगलगाईचा, आणि एक खोड अशी की तिनं मला वर्षानुवर्षं वैताग दिला. कुठलंही मोठं माप घ्यायचं झालं की ते आपली स्टीलची टेप कामावर पसरायचे आणि आकडा न वाचताच निघून जायचे. कुठं, तर चहाला. पंधरा-वीस मिनिटांनी यायचे, वाकायचे, मग वाचायचे.

एकदा मी कारण विचारलं. म्हणाले, टेप झोपवावी लागती. उस्ताद त्याच्या बोलीत सांगायचा तेही म्हणून दाखवलं, “पैले टेप कू सुला मियाँ, बाद में पढ़.” का, म्हटलं. तर म्हणे तशीच पद्धत हाय. या उत्तराची मला मनस्वी चीड आहे. पद्धत आहे म्हणजे काय? बाईला विटाळ, मांजर आडवं जाणं, शनिवारी नवं न घालणं, सगळ्यांना तेच उत्तर. आमच्या घरात बापानं आम्हाला शिकवलेली पहिली गोष्ट म्हणजे का विचारायचं आणि उत्तर नसेल तर ऐकायचं नाही. टेपला झोपवणं ही चहा प्यायची युक्ती आहे असं मी ठरवून टाकलं. ठरवताना मला स्वतःचा थोडा अभिमानही वाटला होता, हे आता कबूल करायला हरकत नाही.

तुकडा तयार झाला तो एप्रिलच्या ऐन मध्यात, जयंतीची मिरवणूक होऊन दोन-तीन दिवस झाले होते. बारा मीटरचा म्हणून तो शेडमध्ये मावेना, बाहेर उघड्यावर लाकडी ओंडक्यांवर ठेवलेला. दुपारचे दोन. लोखंडावर हात ठेवता येत नव्हता, चपलेतून चटका जाणवत होता. ट्रक दाराशी येऊन उभा, ड्रायव्हर सावलीत टरबूज खात बसलेला, मालक दर दहा मिनिटांनी बाहेर डोकावत होते. मी तिपाई लावली, चौकटीला ओके म्हटलं आणि मोजलं. तुकडा पाच मिलिमीटर लांब भरला. पाच म्हणजे करंगळीच्या नखाचा अर्धा भाग, पण गोदीच्या कागदावर दोनच चालणार होते.

तात्यांनी तोवर कडेनं टेप पसरली होती आणि ते कँटीनकडे वळत होते. मी त्यांना हाक मारली. टेप उचलली आणि कळ दाबली, तशी ती सर्रकन आत गेली. म्हटलं, तात्या, ट्रक उभा आहे, आज टेपला झोप नको, पाच मिलिमीटर जास्त आहे, कापून टाका.

ते परत फिरले. “म्याडम, एवढी झोपू द्या की. मंग सांगतो.”

मी नाही म्हटलं. सगळ्यांच्या समोर, जरा मोठ्यानंच. त्यांनी टेप खिशात घातली, खडूची रेघ मारली आणि कापलं. रेघ अशी सरळ की बघत राहावं.

गोदीत आम्ही दोघंही गेलो होतो, मी यंत्र घेऊन आणि ते हत्यारं घेऊन. तात्या समुद्र पहिल्यांदाच बघत होते. मला वाटलं काहीतरी बोलतील. बराच वेळ बघून म्हणाले, आमच्या धरणावानीच हाय, त्याचाबी पल्याडचा काठ दिसत नाय. आणि बिडी काढली.

सकाळी सात वाजता, गोदीच्या छपराखाली, तुकडा क्रेननं जागेवर उतरवला. एक टोक बसलं. दुसऱ्या टोकाला फट राहिली. जवळजवळ पाच मिलिमीटर. गोदीचा तपासनीस शांत माणूस होता, आरडाओरडा काही केला नाही. फक्त लोखंडावर तळहात ठेवला आणि विचारलं की तुम्ही हे दुपारी मोजलं होतं का. म्हणाला, आम्ही मोठी मापं सूर्य उगवायच्या आत घेतो.

त्याला पुढं काही सांगावं लागलं नाही. मी यंत्र उघडलं, ती चौकट काढली. वीस अंश. वाळूजच्या एप्रिलमध्ये, दुपारी दोनला, उन्हात तापलेल्या लोखंडाला मी वीस अंशावर गार करून टाकलं होतं, एका बोटानं. तापलेलं लोखंड वाढतं. बारा मीटर लोखंड तेवढ्या उन्हात चार-पाच मिलिमीटर वाढतं. शाळेत शिकलेलं आहे, रुळांमध्ये फट का ठेवतात या प्रश्नाला मला पैकीच्या पैकी मार्क होते.

आणि मग टेप आठवली. टेपही लोखंडाचीच. तापलेल्या तुकड्यावर ती वीस मिनिटं पडून राहिली की तीही तेवढीच तापते आणि तेवढीच वाढते. तुकडा वाढला, माप वाढलं, आकडा मात्र बरोबर. त्या दुपारी टेपला झोपू दिलं असतं तर ती म्हणाली असती, तुकडा ठीक आहे, हात लावू नका.

मला राग आला. आधी उस्तादाचा आला. एवढं अक्कलहुशारीचं काम करून ठेवलं, तर कारण सांगून ठेवायला काय झालं होतं? मग तात्यांचा आला, की आयुष्य घालवलं आणि एकदाही का विचारलं नाही. मग पुण्याच्या एसीचा, यंत्र बनवणाऱ्याचा, ज्यानं इतकी महत्त्वाची चौकट इतकी लहान केली. सगळ्यांचा येऊन गेला आणि शेवटी माझ्यापाशी आला, तेव्हा मी परतीच्या गाडीत खिडकीला डोकं टेकून झोपेचं सोंग घेतलं.

गोदीनं एक संधी आणखी दिली, पण आधी लेखी अहवाल मागितला. काय चुकलं, का चुकलं, पुन्हा होऊ नये म्हणून काय केलं. मालकांनी तो स्वतः लिहिला. नव्या यंत्राची चूक म्हटलं तर नव्या तंत्रज्ञानावरचा विश्वास उडेल, असं त्यांचं म्हणणं. ‘कारण’ या रकान्यात त्यांनी लिहिलं की फिटरनं कापताना चूक केली. ‘उपाय’ या रकान्यात लिहिलं की फिटर बदलला. मी तिथंच उभी होते. चौकटीचं मी अजून कोणालाच सांगितलेलं नव्हतं.

तात्यांना बोलावलं. मालकांनी तोंडी सांगितलं की असं असं लिहिलंय. मला वाटलं आता ते माझ्याकडे बघतील, सगळ्यांसमोर मीच कापायला लावलं होतं. त्यांनी बघितलं नाही. “व्हय, चूक माझीच हाय,” म्हणाले आणि सावकाश एकेक अक्षर काढत सही केली.

हा माणूस मला वाचवतोय, असं मला वाटलं. आणि सांगायला लाज वाटते, पण त्याचाही मला वैतागच आला. कोणी सांगितलं होतं उपकार करायला? उपकाराच्या ओझ्याखाली माणूस गप्प बसतो, तशी मी बसले. तात्यांना मागच्या शेडमध्ये हलवलं. पाण्याच्या टाक्यांचे सांगाडे आणि सोसायट्यांची गेटं. दोन वर्षांनी ते तिथूनच रिटायर झाले, नारळ, शाल आणि एक भिंतीवरचं घड्याळ.

दुसरा तुकडा मी पहाटे साडेपाचला मोजला. लोखंडाला तापमापी लावून, चौकट स्वतःच्या हातानं भरून. तो गोदीत असा बसला की तपासनीसानं मान डोलावली. काम आमच्याकडे आलं, अजून आहे. मला बढती मिळाली. एका हॉटेलच्या हॉलमध्ये मालकांनी भाषण केलं, नव्या तंत्रज्ञानामुळे समुद्रापासून इतक्या दूरचं गावही जहाजबांधणीच्या स्पर्धेत उतरू शकतं. मी शेजारी पुष्पगुच्छ धरून उभी होते आणि टाळ्या ऐकत होते.

भाषणातलं ते वाक्य खरं आहे, याचाच जास्त त्रास होतो. आम्ही खरोखरच स्पर्धेत उतरलो. फक्त लेसरमुळे नव्हे. लेसर हल्ली कोणीही आणतो. पुढं गेलेल्या गोद्या पुढं आहेत कारण तिथं रोज सकाळी कोणीतरी ती चौकट भरतं. यंत्र प्रश्न विचारतं, आणि आपल्याकडे प्रश्न आला की आपण ओके म्हणतो. पूर्वी पद्धत आहे म्हणून विचारायचो नाही, आता यंत्र आहे म्हणून विचारत नाही. मधल्या मधे मी एक होते, जिला का विचारायची खोड होती, आणि तीही नेमक्या वेळी ट्रकला घाबरली.

या एप्रिलमध्ये आमच्याकडे प्रज्ञा नावाची नवी इंजिनिअर लागली. हुशार मुलगी, हात चटचट चालणारे. परवा दुपारी तिनं तिपाई लावली आणि माझ्या डोळ्यांदेखत त्या चौकटीला ओके म्हटलं. मी तिच्यावर एवढी ओरडले की वेल्डिंगवाल्यांनी काचा वर करून बघितलं. मग वरमून तिला सगळं समजावलं, लोखंड, ऊन, टेप, टेपची झोप. तिला फार मजा वाटली. तिनं विचारलं, “मॅडम, हे तुम्हाला कोणी शिकवलं?”

“अनुभवानं,” मी म्हटलं.

वर पत्रा टकटकत होता. 

दुसऱ्या दिवशी मी जुनी फाईल काढून अहवाल नव्यानं लिहिला. ‘कारण’ या रकान्यात लिहिलं: तापमानाची चौकट मी भरली नाही, आणि फिटर टेपनं पडताळणी करत असताना मी ती थांबवली. खाली माझी सही. मालक म्हणाले, गाडलेलं मढं कशाला उकरता, आता कोण विचारतंय. मी म्हटलं कोणी विचारत नाही म्हणूनच. एक प्रत गोदीला पाठवली. मालक दोन दिवस माझ्याशी स्पर्धात्मकतेवरसुद्धा बोलले नाहीत.

रविवारी पैठणची एसटी धरून तात्यांच्या गावी गेले. फाट्यावर उतरून पायी. तात्या ओसरीच्या पत्र्याखाली खाटेवर बसले होते, पायाशी दोन शेळ्या. मी आल्याचं त्यांना नवल वाटलं, पण दाखवलं नाही. सुनेला चहा टाकायला सांगितलं. मी कागद काढला आणि वाचून दाखवला. मग म्हटलं, तात्या, त्या दिवशी तुम्ही मला सांभाळून घेतलंत, ते घ्यायला नको होतं.

त्यांना कळेचना. म्हणाले, तुमाला कशापायी सांभाळून घिऊ? उस्तादानं सांगितलं व्हतं, टेप झोपवल्याबिगर लोखंडाला हात लावायचा नाय. “म्या लावला. म्हून तर म्हणलं, चूक माझी हाय.”

चार वर्षं हा माणूस स्वतःलाच दोषी धरून बसला होता. मागच्या शेडमध्ये, गेटांच्या गजांत, नारळ-शाल घेताना. आणि मी त्याला उपकार समजून वैतागत होते.

मी वर पत्र्याकडे बोट दाखवलं. हा टकटक वाजतो ना, म्हटलं, तो वाढतो म्हणून. मग सगळं सांगितलं, तुकडा कसा वाढला, टेप त्याच्यासोबत कशी वाढली असती, लेसरला ऊन लागत नाही म्हणून तो कसा फसला, मी त्याला कसं फसवलं. तात्या ऐकत होते. मधेच त्यांनी खिशातून तीच टेप काढली आणि पात्याच्या टोकावरून अंगठा फिरवत बसले.

“म्हंजी उस्ताद बरोबर व्हता,” ते म्हणाले. थोड्या वेळानं पुन्हा तेच म्हणाले. मग हसले. त्यालाबी कारण म्हाईत नसंल वो, म्हणाले.

चहा आला. तात्यांनी बशीत ओतला, फुंकर मारली आणि, गाडीला उशीर का झाला असं विचारावं तसं, अगदी साधं विचारलं,

“एवढंच सांगायला चार उन्हाळे लागले व्हय, म्याडम?”

मी हो म्हटलं.